इंग्लंडमध्ये कालव्याच्या काठाने एकटीने सायकल सहल: आठ दिवसांत काय बसवावे?

राजारामपुरीची सायकल

नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते आणि दर रविवारी सायकलने पन्हाळ्यापर्यंत जाऊन येते. येत्या मे महिन्याच्या सुटीत इंग्लंडमध्ये आठ दिवस एकटीने सायकल चालवावी, असे मी ठरवले आहे. मोटारींचे रस्ते टाळून जुन्या कालव्यांच्या काठाने जावे आणि वाटेत ऐतिहासिक स्थळे पाहावीत, एवढे निश्चित आहे. परंतु लंडन, ऑक्सफर्ड, स्ट्रॅटफर्ड, बाथ आणि स्टोनहेंज अशी यादी केल्यावर आठ दिवस अपुरे वाटू लागले. कोणता कालवा निवडावा, सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि एकट्या बाईने मुक्कामाचे कसे करावे? घरच्यांना काळजी आहे ती या शेवटच्या प्रश्नाची.

पंचगंगाकाठ

ताई, बाथ तेवढे ठेवा आणि केनेट अँड एव्हन हा एकच कालवा घ्या. ब्रिस्टल ते रेडिंग असा सुमारे १४० किलोमीटरचा हा जलमार्ग १८१० साली पूर्ण झाला आणि सायकलींचा राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४ बराचसा त्याच्या सोबतीने जातो, मात्र मध्ये काही ठिकाणी तो काठ सोडून गावरस्त्यांवर वळतो. मी रेडिंगहून निघालो आणि तीन दिवस समोरचा वारा सोसला. तिकडे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आपण ब्रिस्टलहून निघावे. बाथपर्यंतचे २१ किलोमीटर जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेल्या सायकलवाटेने होतात आणि तिथून कालव्याचा काठ धरता येतो.

बाथ ते डिव्हायझेस या टप्प्याला दोन दिवस द्याच. डंडास आणि एव्हनक्लिफ या दोन ठिकाणी कालवा दगडी जलसेतूवरून एव्हन नदी ओलांडतो. सेतूवरून नुसते पुढे जाऊ नका, खाली उतरून त्याच्या कमानी पाहा. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला चौदाव्या शतकातले मोठे दगडी कोठार आहे. शाफ्ट्सबरीच्या मठाला मिळणारा धान्याचा दशमांश तिथे साठवत. आपल्याकडच्या वतन-महसुलाचा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिकेला ते नक्की आवडेल. स्टोनहेंजऐवजी एव्हबरीला जा, ते कालव्यापासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे. तिथल्या पाषाणवर्तुळाच्या आतच गाव वसलेले आहे आणि शिळांना हात लावता येतो.

सायकल भाड्याने घेणेच बरे, फक्त टायर रुंद मागा, कारण काठावर खडी आणि चिखल दोन्ही भेटतात. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलसाठी आधी आरक्षण करावे लागते.

निवृत्त पाटबंधारे

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढली, म्हणून केवळ केन हिल या टेकडीवरच्या लॉकबद्दल, म्हणजे नाव चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेल्या दारांच्या हौदांबद्दल, लिहितो. डिव्हायझेसजवळ सुमारे तीन किलोमीटरमध्ये २९ लॉक आहेत; त्यांतील १६ टेकडीवर सरळ एका ओळीत येतात आणि एकूण चढ ७२ मीटरचा आहे. पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण नावेला तो चढवणे हेच तिथले खरे काम आहे. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपल्यावर बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात. लॉकमध्ये दोन दारांच्या मधल्या हौदात नाव घेऊन खालचे दार लावतात, वरचे पाणी आत सोडतात आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचे दार उघडतात. यासाठी पंप लागत नाही. मात्र प्रत्येक वेळी हौदभर पाणी खाली निघून जाते. कालव्याच्या माथ्यावर ही तूट कशी भरून काढावी, हा मोठा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर पुढे क्रॉफ्टनला दिसते. तिथे पाणी वर उपसणारे, बोल्टन अँड वॉट कंपनीचे १८१२ सालचे वाफेचे इंजिन मूळ जागीच आजही चालू स्थितीत जपले आहे. ते ठरावीक दिवशीच चालवतात, तेव्हा तारखा पाहूनच टप्पे आखा. रेल्वे आल्यावर ओस पडलेला हा कालवा स्वयंसेवकांनी अनेक वर्षे राबून पुन्हा उभा केला आणि १९९० साली तो परत खुला झाला, हेही मुलांना सांगावे.

एकटीच फिरते

मी दोनदा एकटी गेले आहे. मालकाच्या परवानगीवाचून उघड्यावर तंबू ठोकता येत नाही, म्हणून गावातली न्याहारीसह मिळणारी खोली आधीच ठरवा आणि रोजचा टप्पा ४० किलोमीटरच्या आत ठेवा. मे महिन्यात सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, पण काठावर दिवे नसतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुटी असते आणि त्या आठवड्यात शाळाही बंद असतात, म्हणून बाथमधील मुक्काम त्याआधी उरका. काठावर पायी चालणाऱ्यांचा हक्क पहिला. घंटी वाजवून वेग कमी करावा आणि बुटक्या पुलांखाली उतरून चालावे. ब्रिस्टल सोडण्यापूर्वी आर्नोस व्हेल स्मशानभूमीत राजा राममोहन रॉय यांची खांबांवर घुमट असलेली छत्रीवजा समाधी अवश्य पाहा. त्यांचे निधन १८३३ साली त्याच शहरात झाले.

राजारामपुरीची सायकल

सर्वांचे मनापासून आभार. लंडन, ऑक्सफर्ड आणि स्ट्रॅटफर्ड यादीतून काढले आणि सुरुवात राजा राममोहन रॉय यांच्या समाधीपासून करायचे ठरवले. काका, केन हिलला किती वेळ राखून ठेवू?

निवृत्त पाटबंधारे

सगळे २९ लॉक चढायला नावेला पाच-सहा तास लागतात. आपण अर्धा दिवस ठेवा, खालच्या टोकाला एखादी नाव गाठा आणि तिच्या बरोबरीने सायकल हातात धरून वर चढा. नाववाल्यांना दार ढकलायला कुणी मिळाले तर हवेच असते, विचारून पाहा.