ग्लूटेन बंद केल्यावर तुम्हाला किती दिवसांनी फरक पडला?

लेकीला सिलिॲक निघालाय, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतडं खराब होतं तो आजार. टीटीजी (रक्तात तपासतात ती सिलिॲकची अँटिबॉडी) भरपूर वाढलेला, एन्डोस्कोपीतही तेच आलं. गहू, मैदा, रवा सगळं बंद करून महिना होत आला. पोट फुगणं कमी झालंय पण थकवा तसाच, वजन हलत नाही आणि सासूबाई रोज विचारतात, अगं मग उपयोग काय झाला? डॉक्टर आहेतच, पण ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज लिहा.

---

माझे जुलाब दोनेक आठवड्यांत थांबले. हिमोग्लोबिनने मात्र रडवलं, सहा-आठ महिने सहज गेले. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला आणि नेमका तोच भाग खराब झालेला असतो, मग गोळ्या घेऊन तरी काय लागणार अंगाला. आधी आतडं सुधारतं मग रक्त. लहान मुलांचं मोठ्यांपेक्षा लवकर भरून येतं म्हणतात, तेव्हा धीर धरा.

---

आमच्याकडे ह्यांचा टीटीजी काही केल्या उतरेना. पोळी बंद, ब्रेड बंद, आता अजून काय बंद करायचं! शेवटी डाएटिशियनने स्वयंपाकघरातला एकेक डबा काढायला लावला तर मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, हिंगातसुद्धा. आणि ज्वारी दळून यायची गिरणीतून, गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात. घरघंटी घेतली, त्यानंतर कुठे रिपोर्ट खाली यायला लागले. नॉर्मल यायला वर्ष उलटलं. गिरणीवाल्याला "आधी साफ कर रे बाबा" सांगून काही होत नाही, तो बिचारा मान डोलावतो फक्त.

---

माझं पोटाचं नव्हतंच काही, कोपरांवर आणि गुडघ्यांवर खाजरे फोड. कितीतरी वर्षं एक्झिमा म्हणून मलमं चोपडली. बायोप्सीत डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस निघालं, म्हणजे सिलिॲकचंच त्वचेवरचं रूप. डॅप्सोनच्या गोळ्यांनी खाज दोन-तीन दिवसांत गेली, पण नुसत्या डाएटवर यायला दीड वर्ष लागलं.

---

उलटा अनुभव. मी आपणहून गहू सोडला, आठवड्यात पोट हलकं. मग डॉक्टर म्हणाले टेस्टसाठी परत काही आठवडे पोळ्या खा, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सिलिॲक नव्हताच. गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाने गॅस होतात म्हणे, कांदा-लसणातही तेच असतं. त्यामुळे ज्यांना शंका आहे त्यांनी आधी टेस्ट करा, मग डाएट.

---

दुधाचं पण बघा. आतडं सुजलेलं असताना दूध पचत नाही, मग लोकांना वाटतं डाएट लागू पडत नाहीये. मुलाचं दूध थोडे महिने बंद ठेवलं होतं, आता मजेत पितो. इथे यूकेत पाकिटावर गहू, बार्ली ठळक अक्षरात छापावंच लागतं, त्यामुळे सोपं जातं. तरी साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये बार्लीचं माल्ट असतं हं.

---

हिंगात गहू?? खरंच?

---

हो, डबीवरचे घटक वाचा. बांधणी हिंगात बहुतेकदा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ घालतात. तांदळाच्या पिठातला मिळतो, जरा शोधावा लागतो.