मदत हवी आहे : होळकर संघ मोठा की आताचा मध्य प्रदेश?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे इंदूरला रविवारी पोह्यांच्या बशा हातात असतानाच वाद पेटला. बाबा म्हणतात, सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे यांच्या जुन्या होळकर क्रिकेट संघासारखा (तो आमच्या इंदूरचाच) संघ पुन्हा होणे नाही. 4 रणजी करंडक, शिवाय 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध एका डावात 6 शतकं, 8 बाद 912!

मुलगा 2022 मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईला हरवणाऱ्या मध्य प्रदेशच्या बाजूने. म्हणतो, होळकरांच्या वेळी बाद पद्धत होती (हरला की बाहेर), मोजक्या सामन्यांत करंडक घरी. मुद्दा बरोबर; पण ती मंडळी हेल्मेटशिवाय उभी राहायची, हे तो सोयीस्कर विसरतो. शेव मात्र दोनदा घेतली.

नुसत्या धावा सोडून तुलना कशावर करावी? होळकरांच्या सामन्यांचे जुने धावफलक, कात्रणं कुणाकडे आहेत का? बाबांना मोबाईलवरचं पटत नाही, कागदच लागतो.