मुलीला इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखायला कसं शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कर्नाटकातल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. मुलगी आठवीत, मराठी माध्यमात आहे. मराठी शब्दांच्या आठही जाती उदाहरणांसकट घडाघडा सांगते. खरं इंग्रजीची वही उघडली की सगळं विस्कटतं, आणि माझं शिक्षण बारावीपर्यंतच, त्यामुळे मलाही नीट उलगडून सांगता येत नाही.

परवा वाक्य होतं, 'वी वॉटर द प्लँट्स एव्हरी डे'. 'वॉटर'खाली रेघ. तिनं 'नाऊन' लिहिलं, बाईंनी लाल पेनानं काट मारली. घरी येऊन रडकुंडीला आली, "आई, वॉटर म्हणजे पाणी. पाणी म्हणजे नामच की!" मी म्हटलं, परसातल्या मिरचीला आपण पाणी पाजतो ना, ते 'पाणी पाजणं' इंग्रजीत एकाच शब्दात आलंय. पटलं तिला. लगेच पुढचं वाक्य, 'शी ड्रिंक्स कोल्ड वॉटर'. म्हणाली, मग हेही क्रियापद का? मी गप्प.

'लाईट'चंही तसंच. गल्लीतली लाईट गेली हे नाम. 'लाईट बॅग' म्हटलं की विशेषण. 'लाईट द लॅम्प' म्हटलं की क्रियापद. शेवटी 'ली' आलं की ॲडव्हर्ब, असं तिनं पाठ केलं होतं, तर 'फ्रेंडली' ॲडजेक्टिव्ह निघालं. 'आफ्टर'पाशी तर पार अडलोय.

दोन वर्षांनी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा आहे. शब्दांची यादी पाठ करून घेऊ, की दुसरी काही रीत आहे?

प्रतिसाद, निपाणीहून

ताई, यादी नको. तुम्ही मिरचीचं सांगितलंत तीच वाट बरोबर आहे. मराठीतही असंच होतं हे आधी तिला दाखवा. 'चांगला मुलगा' यात 'चांगला' विशेषण, 'चांगला खेळतो' यात क्रियाविशेषण. 'नंतर ये' यात 'नंतर' क्रियाविशेषण, 'जेवणानंतर ये' यात शब्दयोगी. जात शब्दाला नसते, वाक्यातल्या त्याच्या कामाला असते.

मग वाक्य कालचं करायला सांगा. 'वी वॉटर्ड द प्लँट्स' होतं, म्हणजे इथे क्रियापद. दुसऱ्या वाक्यात कालचं करताना 'ड्रिंक्स'चं 'ड्रँक' होतं, 'वॉटर' जागचं हलत नाही. 'आफ्टर'च्या पुढे काय येतं ते बघायचं. 'आफ्टर लंच' म्हणजे पुढे नुसतं नाम, म्हणून प्रिपोझिशन. 'आफ्टर शी केम' म्हणजे पुढे कर्ता-क्रियापद दोन्ही, म्हणून कंजंक्शन. आणखी एक, आपलं 'टेबलावर' आणि कन्नडचं 'मेजिन मेले', दोन्हींत 'वर' मागाहून येतं. इंग्रजीत 'ऑन द टेबल', आधी. मुलीला कन्नड येत असेल तर तिन्ही एकाखाली एक लिहून द्या, आपोआप दिसेल.

धागाकर्ती

सर, खूप आभार. आज जेवणं झाल्यावर दोघी बसलो. 'वॉटर' सुटलं, 'आफ्टर'ची चार वाक्यं तिनं स्वतः केली. तिन्ही भाषांचं लिहिल्यावर तर म्हणाली, "इंग्रजीच उलटं आहे की!" आता अडलंय 'दे वेन्ट होम'पाशी. 'माय होम' चालतं, म्हणून नाम म्हणते. बरोबर का?

प्रतिसाद, निपाणीहून

'माय होम'मध्ये नामच. खरं 'दे वेन्ट होम'मध्ये ॲडव्हर्ब. शाळेत गेले म्हणायचं तर 'वेन्ट टू स्कूल', तिथे 'टू' लागतं. 'होम'ला लागत नाही, कारण कुठे गेले ते 'होम' एकटंच सांगतं, आपल्या 'घरी'सारखं. 'कम हिअर'मधलं 'हिअर' शेजारी ठेवून दाखवा.