२४०झेड : दिसायला राणी, पण हायवेवर?

टेकडीवरचा
रविवारी मित्राची १९७२ची डॅटसन २४०झेड चालवली (डॅटसन म्हणजे निस्सानचाच ब्रँड). सॅन होजे ते सॅन फ्रान्सिस्को, २८० हायवेवरून. (डॅटसन म्हटल्यावर आपल्याला २०१४ची 'गो' आठवते, ती जरा बाजूला ठेवा.) सीट एवढी मागे आणि खाली की समोरचं बॉनेट संपता संपत नाही. त्याखाली २.४ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन. गियर चारच, ताशी सत्तर मैलांना इंजिनच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला तीन हजारांच्या थोडा वर, आणि ओव्हरटेकला गियर उतरवावा लागत नाही. क्रिस्टल स्प्रिंग्ज तलावाशेजारची ती लांबलचक वळणं संपूच नयेत असं वाटलं. याहून देखणी जपानी कूपे (दोन दारांची गाडी) नाही, हे माझं मत.

चार_सिलिंडर
देखणी आहे, पण उसनी. लांब नाक, मागे उतरणारं छप्पर, आखूड शेपूट... १९६१ची जॅग्वार ई-टाइप शेजारी उभी करून बघा. जपानी कूपेच हवी तर टोयोटा २०००जीटी घ्या. आणि सत्तर मैलांचं कौतुक काय सांगता! नव्वदीला न्या, हवेनं नाक हलकं होतं, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं.

टेकडीवरचा
२०००जीटी बनल्या जेमतेम साडेतीनशे, आणि किंमत झेडच्या दुप्पट. ती बघायची गाडी. झेड अमेरिकेत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणून दीड लाखाच्या घरात गाड्या खपल्या. निस्सानचे अमेरिकेतले प्रमुख युताका काटायामा यांना जपानमधलं 'फेअरलेडी' हे नाव तिथे चालेलसं वाटेना, म्हणून त्यांनी नुसता आकडा आणि अक्षर लावलं. उसनं म्हणाल तर झेडचे डिझायनर योशिहिको मात्सुओ यांच्या टीमसमोर ई-टाइप नव्हती असं मी म्हणत नाही. पण खोल खोबणीत बसवलेले ते हेडलाइट बघा, ते जॅग्वारचे नाहीत.

सांजवेळ
मध्येच बोलते. नाक उचलतं हे खरं असावं, कारण १९७१मध्ये निस्साननंच जपानसाठी '२४०झेडजी' काढली, पुढे लांब फायबरचं नाक जोडून. आता गंमत अशी, की त्या नाकाची गाडी मला मूळ गाडीपेक्षा जास्त आवडते! त्याच वर्षी झेडनं पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली, हेही विसरू नका.

चार_सिलिंडर
रॅलीत चिखल-धूळ, हायवेवर हवा. एकाचं बक्षीस दुसऱ्याला कशाला? आणि टेकडीवरचा, एक गोष्ट लपवताय. काचा उघड्या ठेवल्या होत्या ना?

टेकडीवरचा
होत्या. का?

चार_सिलिंडर
मागच्या (डिकीच्या) दाराचं रबर जुनं झालं की गाडीमागच्या हवेच्या पोकळीतला तिचाच धूर आत ओढला जातो. या गाडीचं जुनं दुखणं आहे. मित्राला रबर बदलायला सांगा, नाक हलकं लागत असेल तर बंपरखाली एअर डॅमही (हवा अडवणारी पट्टी) लावा म्हणावं. मग परत चालवा आणि इथे लिहा. देखणेपणावर मी वाद घालत नाही, मागून, जरा तिरकं बघितलं की मलाही ती आवडते.

टेकडीवरचा
रबराचं सांगतो त्याला. जॅकेट कालपासून बाल्कनीत टांगलंय, बायको घरात घेऊ देत नाही.