रेडिसने दार लावलं, मग उघडलं: फसवणूक की नाइलाज?

मुक्तछंद (धागाकर्ता)

ज्यांचा सर्व्हरशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. रेडिस म्हणजे मेमरीत डेटा ठेवणारं सॉफ्टवेअर. लॉगिनचं सेशन, कार्टमधल्या वस्तू, खेळातला स्कोअर, जे जे पटकन हवं ते दरवेळी डेटाबेसला न विचारता इथून उचलायचं. साल्वातोरे सान्फिलिप्पो या सिसिलीच्या माणसाने ते २००९मध्ये लिहिलं आणि बीएसडी लायसन्सखाली सोडलं. त्या लायसन्सच्या अटी इनमिन तीन: सोर्समध्ये कॉपीराइटची ओळ ठेवा, बायनरीसोबतही ती द्या, आणि आमच्या नावावर स्वतःच्या मालाची जाहिरात करू नका. बाकी वापरा, बदला, विका.

पुढे रेडिस लॅब्ज या कंपनीने सान्फिलिप्पोला पगार दिला, ट्रेडमार्क तिच्याकडे गेला, २०२०मध्ये तो बाजूला झाला आणि २०२१मध्ये कंपनीने स्वतःचंच नाव 'रेडिस' करून टाकलं. त्याआधी २०१८मध्ये तिने काही जोड-मॉड्यूलांचं लायसन्स बदललं होतं. तेव्हा ओरड झाली, तर गाभा बीएसडीच आहे आणि कायम बीएसडीच राहील असं तिने जाहीर सांगितलं.

२० मार्च २०२४ला ते 'कायम' संपलं. ७.४ आवृत्तीपासून दोन नवी लायसन्सं आली, आरएसएएल आणि एसएसपीएल, दोन्ही रेडिस सेवा म्हणून विकण्यावर बंधनं घालणारी. ओपन सोर्सच्या रूढ व्याख्येत दोन्ही बसत नाहीत. आठ दिवसांत लिनक्स फाउंडेशनने ७.२.४वरून 'वॅल्की' नावाचा फोर्क (त्याच कोडची वेगळी वाट धरलेली प्रत) जाहीर केला. मागे अ‍ॅमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन. आणि १ मे २०२५ला रेडिस ८ आलं ते एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय घेऊन, म्हणजे पुन्हा ओपन सोर्स.

माझं म्हणणं असं की ही फसवणूक आहे. कायद्याच्या भाषेत नसेल, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने आहेच. लोकांनी दहा-दहा वर्षं पॅच पाठवले, पुस्तकं लिहिली, कॉन्फरन्समध्ये फुकट प्रचार केला, तो एका शब्दावर. आपण सॉफ्टवेअर निवडताना लायसन्स बघतो. बघायला हवा तो मालक. नाव, ट्रेडमार्क आणि कोड मर्ज करायचा अधिकार एकाच कंपनीकडे असेल, तर लायसन्सचा कागद तिच्या पुढच्या फंडिंग राउंडपर्यंतच टिकतो.

तिरकस

'कायद्याच्या भाषेत नसेल' इथेच धागा संपायला हवा होता. पण ठीक.

बीएसडी म्हणजे काय हे तुम्हीच लिहिलंत: बदला, विका. ही मुभा अ‍ॅमेझॉनला होती तशीच रेडिस कंपनीलाही होती. अ‍ॅमेझॉनने २०१३पासून इलास्टिकॅश या आपल्या क्लाउड सेवेत रेडिस विकलं आणि बिलं फाडली. त्याला 'इकोसिस्टम' म्हणायचं आणि कंपनीने तीच मुभा वापरली की 'फसवणूक'? ७.२ कोणी तुमच्याकडून काढून घेतलं? आजही बीएसडीखालीच आहे. म्हणूनच तर वॅल्की जन्माला आलं.

गावात कोणी पाणपोई घातली. वाटसरू पाणी पितात, पुण्य लागतं, सगळं छान. एक दिवस टँकरवाला येतो, पाणपोईतून टँकर भरतो आणि शेजारच्या गावात विकतो. पाणपोईवाल्याने 'टँकर भरायचे असतील तर पैसे' अशी पाटी लावली की वाटसरूच भांडायला उठतात. अहो, पाटी तुमच्यासाठी नाहीच आहे.

लोकल ९:०४

आता जागा धरून बसतो. चहा सांगा कोणीतरी.

मुक्तछंद

तिरकसराव, टँकरने पाणी संपतं. कोड कॉपी केल्याने संपत नाही. अ‍ॅमेझॉनने कितीही विकलं तरी माझ्या मशीनवरचं रेडिस थेंबभर कमी होत नव्हतं. कमी होत होता तो कंपनीचा धंदा, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

दुसरं, पाणपोईत घागरी ओतल्या कोणी? ७.०नंतर लायसन्स बदलेपर्यंतच्या कमिट (कोडमधले नोंदलेले बदल) मोजल्या तर सुमारे पाव हिस्सा टेन्सेन्टच्या एकाच अभियंत्याचा निघतो. अलिबाबा, हुआवे, अ‍ॅमेझॉन यांचीही माणसं होती. अ‍ॅमेझॉनची मॅडलिन ओल्सन तर रेडिसची मेंटेनर (कोड सांभाळणारी) होती. तिनेच सहकाऱ्यांबरोबर वॅल्की उभं केलं. 'सगळं आम्ही केलं, त्यांनी फक्त नेलं' हे चित्र रेडिसपुरतं तरी खरं नाही.

रानमेवा

मी हिंजवडीत एका सेवा कंपनीत इन्फ्रा बघते. तत्त्वज्ञान तुम्ही चालू द्या, मी प्रत्यक्षात काय झालं ते सांगते.

बदल जाहीर झाल्यावर युरोपातल्या एका क्लायंटच्या लीगलकडून एक्सेल शीट आली: कुठकुठल्या सर्व्हरवर रेडिस आहे, कुठली आवृत्ती आहे, ७.४ कुठे चढलंय का. कोणी मुद्दाम चढवलं नव्हतं. पण दोन कंटेनरच्या (सॉफ्टवेअर बांधून चालवायच्या डब्यांच्या) फाइलींमध्ये आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहिलेलं, त्यामुळे नवं आपोआप आलेलं. हे 'लेटेस्ट' प्रकरण लायसन्सच्या बाबतीतही नडतं, हे तेव्हा टीमला पटलं. वॅल्कीवर जायला मात्र काहीच झालं नाही. पोर्ट तोच ६३७९, प्रोटोकॉल तोच, ॲपचा कोड एका ओळीनेही बदलला नाही. इमेजचं नाव बदललं, टेस्ट चालवल्या, संपलं. वेळ गेला तो लीगलच्या मीटिंगमध्ये.

तर तिरकस, पाटी आमच्यासाठी नव्हती हे खरं, पण पाटी वाचायला वकील लावावा लागला तो खर्च आमचा.

कल्याणी_ज

एसएसपीएलबद्दल थोडं, कारण लोक त्याला 'जरा कडक जीपीएल' समजतात (जीपीएल म्हणजे बदललेला कोड पुढे देताना सोर्सही द्यायला लावणारं ओपन सोर्स लायसन्स). तो मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने ऑक्टोबर २०१८मध्ये आणला. त्याचं तेरावं कलम वाचा. सॉफ्टवेअर तुम्ही सेवा म्हणून विकत असाल, तर नुसता त्याचा सोर्स देऊन भागत नाही. ती सेवा चालवायला लागणारं व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर, युजर इंटरफेस, मॉनिटरिंग, बॅकअप, स्टोरेज, होस्टिंग, सगळ्याचा सोर्स त्याच लायसन्सखाली द्यायचा. हे कोणी पाळू शकेल अशा बेताने लिहिलेलंच नाही. 'करू नका' असं म्हणायची ती लांबलचक पद्धत आहे. मोंगोने तो ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे मान्यतेसाठी पाठवला आणि २०१९च्या मार्चमध्ये मागे घेतला. मधल्या काळात अ‍ॅमेझॉनने मोंगोसारखंच वागणारं डॉक्युमेंटडीबी बाजारात आणून ठेवलं होतं.

एजीपीएलचंही तेरावंच कलम महत्त्वाचं, पण ते माफक आहे: कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात, तर त्या बदललेल्या कोडचा सोर्स द्या. बस. गूगलसारख्या कंपन्या एजीपीएलचा कोड आपल्या आवारात येऊच देत नाहीत, म्हणजे धाक तेवढ्यानेही बसतो. रेडिसने २०२४मध्येच सरळ एजीपीएल आणि सोबत पैसे देऊन घ्यायचं व्यापारी लायसन्स असं केलं असतं, तर आरडाओरडा झाला असता, पण 'हे ओपन सोर्स नाही' असं कोणी म्हणू शकलं नसतं. इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिकचं तेच. २०२१च्या जानेवारीत बीएसडीसारखं मोकळं अपाची लायसन्स सोडलं, एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनचं ओपनसर्च त्याचा फोर्क म्हणून आलं, आणि ऑगस्ट २०२४मध्ये एजीपीएल घेऊन परत. दोघेही शेवटी ज्या ठिकाणी पोचले तिथे आधीच थेट जाता आलं असतं.

तिरकस

कल्याणीताई, मुद्दा चांगला आहे, पण हिशोब अर्धाच मांडलात. इलास्टिकचं भांडण फक्त कोडचं नव्हतं. अ‍ॅमेझॉन आपल्या सेवेला 'इलास्टिकसर्च' हेच नाव लावत होतं, त्यावर २०१९पासून ट्रेडमार्कचा दावा चालू होता. फोर्क झाल्यावर अ‍ॅमेझॉनला नाव बदलावं लागलं आणि २०२२मध्ये दावा मिटला. म्हणजे फोर्क होणं हीच इलास्टिकची जीत. रेडिसनेही परत येताना साधारण हेच सांगितलं: क्लाउडवाले आता स्वतःचा फोर्क स्वतः सांभाळतात, म्हणजे जे हवं होतं ते झालं.

आणि 'कंपनी नको, समाज हवा' वाल्यांना एक आठवण. रेडिसच्या बदलानंतर नऊ दिवसांनी, २९ मार्च २०२४ला, एक्सझेड प्रकरण उघडकीस आलं. जगभरच्या लिनक्समध्ये असलेली ती फाइली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी एक थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता. 'जिया तान' नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून मदत केली, मेंटेनर झाला आणि मागचं दार बसवलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका पठ्ठ्याने खोदकाम केलं म्हणून वाचलो. कोड सांभाळायला पगारी माणसं लागतात. तो पगार कुठून येणार ते सांगा, मग फसवणुकीचं बोला.

मुक्तछंद

तो पठ्ठ्या म्हणजे अँड्रेस फ्रॉइंड. मायक्रोसॉफ्टचा पगारी नोकर, आणि काम कशावर? पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर! पोस्टग्रेसची मालक अशी कुठलीच कंपनी नाही. कोअर टीममध्ये एकाच कंपनीची माणसं अर्ध्याहून जास्त होऊ द्यायची नाहीत, असा त्यांचा नियमच आहे. पाच-सहा कंपन्या आपापली माणसं त्या कामावर ठेवतात, कारण त्यांचा सगळ्यांचा धंदा त्यावर चालतो. उदाहरण माझ्या बाजूचं आणून दिलंत, धन्यवाद.

पगाराला माझा विरोध नाही. पैसे पहिल्या दिवसापासून मागा. आधी फुकट म्हणून दहा वर्षं गिऱ्हाईक जमवायचं आणि मग अटी बदलायच्या, याला विरोध आहे.

लोकल ९:०४

परदेशातलंच किती दळणार? आपल्या मुंबईत फ्रापे आहे की. तिचं ईआरपीनेक्स्ट (कंपनीचे हिशोब-व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) जीपीएलखाली आहे. दुसरे लोक ते होस्ट करून विकतात, बसवून देण्याचे पैसे घेतात, फ्रापे स्वतःचं क्लाउड विकते. सगळे जगतायत. पैसा झिरोधाकडूनही आला. त्याच झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फंड जाहीर केला, आपण ज्या कोडवर उभे आहोत त्याचं थोडं देणं म्हणून. देशातल्या बाकीच्या कंपन्यांनी यातून काही घेतलं तर बरं. आपल्याकडे गिटहबला 'डाउनलोडची साइट' समजणारेच जास्त.

तिरकस

लोकल, फ्रापेबद्दल आदर आहे. पण ईआरपी बसवून द्यायला माणूस लागतो. लेजर समजावा लागतो, जीएसटी लावावा लागतो, मालकाच्या मेव्हण्याला ट्रेनिंग द्यावं लागतं. त्यात सेवेचा धंदा आहे. रेडिस बसवायला एक कमांड लागते. सेवा कसली विकणार? जे उत्तम चालतं त्याच्या सपोर्टला कोणी पैसे देत नाही, आणि होस्टिंग विकायला जावं तर समोर अ‍ॅमेझॉन.

रानमेवा

हे मात्र पटलं. या पूर्ण धाग्यातला तुमचा सर्वांत दमदार मुद्दा.

कल्याणी_ज

पटण्यासारखं आहेच, फक्त लायसन्स आवळून तो प्रश्न सुटला का ते बघा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅमेझॉनने इलास्टिकॅशमध्ये वॅल्की आणलं ते रेडिसपेक्षा २० टक्के स्वस्त, सर्व्हरलेसला (सर्व्हर न धरता वापराप्रमाणे बिल) ३३ टक्के. ज्याला रोखायचं त्याच्या हातात स्वस्त माल आणि 'आम्हीच खरे ओपन सोर्स' हा मिरवायचा बिल्ला, दोन्ही आले.

टेराफॉर्म (सर्व्हर कोड लिहून उभारायचं साधन) बनवणारी हॅशिकॉर्पही घ्या. ऑगस्ट २०२३मध्ये बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर गेली. तो निदान चार वर्षांनी आपोआप ओपन सोर्स होतो, एवढी लाज शिल्लक. महिना-दीड महिन्यात ओपनटोफू हा फोर्क लिनक्स फाउंडेशनकडे.

तिरकस

आणि २०२४च्या एप्रिलमध्ये आयबीएमने ६.४ अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली. बुडाली कुठे?

मुक्तछंद

आयबीएमचा भाव शेअरला ३५ डॉलर होता. २०२१च्या डिसेंबरमध्ये आयपीओ आला तो ८० डॉलरला.

तिरकस

२०२१च्या डिसेंबरमध्ये कुठलाही टेक शेअर घेतलेल्या माणसाला विचारा, तो लायसन्सवर खापर फोडतो का. व्याजदर वाढले, सगळेच आपटले.

नवखा_देव

मोठ्यांच्या भांडणात बोलू का? कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, पुढे स्टार्टअप करायचा विचार आहे. मग आता घ्यायचं काय, रेडिस ८ की वॅल्की?

रानमेवा

देव, नुसतं कॅशिंग, सेशन, रांगा एवढंच असेल तर वॅल्की घे आणि विसरून जा. एआयसाठी व्हेक्टर शोध (अर्थाने जवळचं शोधणं) लागणार असेल तर रेडिस ८मधले व्हेक्टर सेट बघ. सान्फिलिप्पो २०२४च्या शेवटी कंपनीत परतला आणि ते त्यानेच लिहिलेत. स्टार्टअपमध्ये रेडिस न बदलता वापरलंस तर एजीपीएलचा त्रास नाही. बदललंस तर कल्याणीचं तेरावं कलम वाच. आणि कंटेनरच्या फाइलीत आवृत्तीचा आकडा लिही, 'लेटेस्ट' नाही.

तिरकस

म्हणजे पोरगं शेवटी अ‍ॅमेझॉनच्याच टँकरवर. अभिनंदन.

मुक्तछंद

एरिक्सनच्या आणि टेन्सेन्टच्यापण. उद्या अ‍ॅमेझॉनने एकट्याने लायसन्स बदलायचं ठरवलं, तर वॅल्की चालवणाऱ्या समितीत बाकीचे गप्प बसतील का ते मला सांगा.

तिरकस

समितीत बहुमत कोणाचं आहे ते आधी तुम्ही सांगा. मी थांबतो.