अनुभव धागा: जर्मन भाषेच्या पलीकडचा अभ्यास

महाराष्ट्रात जर्मन शिकणाऱ्यांची वाण नाही. पुण्यात तर दर सोसायटीत कोणी ना कोणी ए-वन, ए-टूची परीक्षा दिलेलं सापडतं. पण बहुतेकांची वाट पुढे मास्टर्स, व्हिसा आणि नोकरीकडे वळते. जर्मनांचा इतिहास, त्यांचे सण, त्यांचं साहित्य हाच अभ्यासाचा विषय म्हणून घेतलेले आपण थोडे. म्हणून हा धागा. रानडे इन्स्टिट्यूट असो, मुंबई विद्यापीठ असो, मॅक्सम्युलर भवन असो की जर्मनीतलं एखादं विद्यापीठ, जिथे शिकला असाल तिथलं लिहा. कुठल्या गावाने, कुठल्या कागदाने, कुठल्या माणसाने तुम्हाला इतिहास खरा दाखवला ते वाचायचं आहे. ब्लॉक्ड अकाउंट आणि प्रवेशाचे अर्ज यांवर इतरत्र भरपूर लिहिलं गेलंय, ते इथे नको.

सुरुवात मी करते.

पुण्यात एम.ए. करताना वायमार म्हणजे ग्योथे आणि शिलर, एवढंच समीकरण मनात होतं. पुढे उन्हाळी कोर्ससाठी प्रत्यक्ष तिथे राहिले. छोटंसं गाव. नाट्यगृहासमोर दोघा कवींचा एकत्र पुतळा. त्याच नाट्यगृहात १९१९ मध्ये जर्मनीच्या पहिल्या प्रजासत्ताकाची राज्यघटना मंजूर झाली आणि त्याच वर्षी याच गावात बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली. कविता, लोकशाही, आधुनिक कला, सगळं पायी फिरता येईल इतक्या अंतरात.

आणि मग गावातूनच सुटणारी ६ नंबरची बस. ती एटर्सबर्ग टेकडी चढते आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीपाशी थांबते. १९३७ ते १९४५ या काळात इथे आणि हिच्या उपछावण्यांत २,७७,००० हून जास्त माणसं डांबली गेली, त्यातली सुमारे ५६,००० मेली. फाटकाच्या लोखंडी गजांत अक्षरं बसवलेली आहेत, 'ज्याचं त्याला' अशा अर्थाची. बाहेरून पाहिलं तर ती उलटी दिसतात. कारण ती आतल्यांनी वाचावीत अशीच लावली होती, रोज हजेरीला उभं राहताना. या अक्षरांचं वळण काढलं फ्रांझ एअरलिश नावाच्या कैद्याने, आणि तो बाउहाउसचा विद्यार्थी होता. नात्झींना नकोशी झालेली ती शैली त्याने त्यांच्याच फाटकावर उमटवली. मी त्या अक्षरांपुढे बराच वेळ उभी होते.

छावणीच्या आवारात एका ओकच्या झाडाचा बुंधा जपलेला आहे. कैदी त्याला ग्योथेचा ओक म्हणत. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. आमच्या पाठ्यपुस्तकात अभिजात साहित्य एका प्रकरणात आणि नात्झी काळ चार प्रकरणं सोडून पुढे होता. वायमारमध्ये राहिल्यावर ती दोन प्रकरणं वेगळी ठेवणं मला जमेना, आणि आता शिकवतानाही मी ती वेगळी ठेवत नाही.

लाइपझिग, आता सोलापूर:

ताई, तुमचं बुखेनवाल्ड वाचलं आणि लिहायला बसलो. मी ऐंशीच्या दशकात शिकायला गेलो तो देशच आता नकाशावर नाही. पूर्व जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांना आधी लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटमध्ये भाषा शिकवत, मग आपापल्या विद्यापीठात धाडत. आम्हालाही बुखेनवाल्डला नेलं होतं. पण आम्हाला सांगितलेली गोष्ट वेगळी होती. कम्युनिस्ट कैद्यांनी हातात शस्त्रं घेऊन छावणी स्वतः मुक्त केली, पक्षाचा नेता एर्न्स्ट टेलमान इथे मारला गेला, आणि या बलिदानातून आपलं समाजवादी राज्य उभं राहिलं. १९५८ मध्ये उभारलेलं प्रचंड स्मारक हेच सांगतं. ज्यूंबद्दल, सिंती आणि रोमा या युरोपातल्या अल्पसंख्य समाजांबद्दल ओझरतं काहीतरी. आणि युद्धानंतर १९४५ ते १९५० याच जागी सोव्हिएतांनी आपली छावणी चालवली, तिच्यात भूक आणि रोगराईने ७,००० हून जास्त माणसं मेली, याबद्दल अवाक्षर नाही.

देश एक झाल्यावर काही वर्षांनी परत गेलो. टेकडी तीच, फाटक तेच, पण प्रदर्शन नव्याने मांडलेलं. सोव्हिएत छावणीचं वेगळं दालन. आणखी एक प्रदर्शन मला फार मोलाचं वाटलं, कारण त्याचा विषय या स्मारकाचाच इतिहास हा होता. पूर्व जर्मनीच्या सरकारने या जागेची गोष्ट कशी रचली, काय गाळलं, ते कागदपत्रांसकट लावलेलं. कैद्यांच्या प्रतिकाराची गोष्ट खोटी नव्हती. छुपी संघटना होती, माणसांनी जीव धोक्यात घातला होता. पण अमेरिकन फौजा दाराशी आल्या होत्या हे आम्हाला जेमतेम सांगितलं गेलं. खऱ्यातलं अर्धं उचलून उरलेलं झाकता येतं, हे मी त्या टेकडीवर शिकलो. आपल्याकडचा कुठलाही पुतळा, कुठलंही स्मारक पाहताना आता मी आधी उभारणाराचं नाव आणि साल वाचतो.

९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७०,००० माणसं शांतपणे चालली. निकोलाय चर्चमध्ये सोमवारची प्रार्थना, मग मोर्चा. गोळी सुटली नाही. बर्लिनची भिंत पडली ती महिन्याभराने, पण तिथले लोक आजही हाच दिवस आधी सांगतात. मी तोवर सोलापूरला परतलो होतो. १९९२ पासून नागरिकांना श्टाझीने, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांनी, आपल्याबद्दल ठेवलेली फाइल बघता येते. माझा एक तिथला जिवलग मित्र आता सत्तरीला आलाय. फाइल मागवायची की नको हे त्याचं अजून ठरत नाही. त्याच्या बैठकीत रोज उठबस करणाऱ्यांपैकी कोणाचं नाव त्यात निघेल, या विचाराने तो थांबतो. इतिहास शिकलेला मी, पण त्याला सल्ला देण्याचा अधिकार मला वाटत नाही.

कोलोन:

सगळे गंभीर लिहितायत, आणि ते योग्यच आहे, पण संस्कृतीचाही अभ्यास आहे ना! माझा विषय लोकजीवन. ऱ्हाइनकाठचा कार्निव्हल ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. त्याच संध्याकाळी गल्लोगल्ली लहान मुलं कागदी कंदील घेऊन संत मार्टिनची गाणी म्हणत फिरतात, पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन. त्याने आपल्या झग्याचा अर्धा भाग कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, ही कथा. कंदिलांच्या रांगेमागे चालताना मला आमच्या गावातल्या भोंडल्याची आठवण झाली, मुलींची गाणी आणि शेवटी मिळणारा खाऊ. फेब्रुवारी-मार्चात कार्निव्हलच्या गुलाबी सोमवारच्या मिरवणुकीत राजकारण्यांची टोपी उडवणारे रथ असतात. त्याची मुळं १८२३ मध्ये आहेत, शहर प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या ताब्यात गेल्यानंतरच्या काळात. खोटे गणवेश घालून प्रशियन लष्कराची टर उडवणारी पथकं आजही मिरवणुकीत चालतात. सण समजून घ्यायचा तर त्या शहरावर राज्य कोणाचं होतं हे बघावंच लागतं.

हाले:

मी इथे इतिहास विभागात आहे. आल्यावर जुनं हस्ताक्षर वाचायचा कोर्स घेतला. कुरेंट नावाची ही लपेटीदार लिपी. हिच्यात ई हुबेहूब एनसारखा दिसतो, आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. वर्गातले जर्मन विद्यार्थीही माझ्याइतकेच चाचपडत होते, कारण १९४१ मध्ये सरकारी हुकुमाने शाळांतून ती हद्दपार झाली. मी पुण्यात मोडीचा वर्ग केला होता, त्याचा इथे फार उपयोग झाला. आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली न थांबता लिहीत गेलेला कारकून ज्याने वाचलाय, त्याचा डोळा अक्षराऐवजी हाताची लय शोधायला लागतो.

आता का लिहितेय ते. हालेतल्या फ्रांके संस्थांचा अभिलेख संग्रह म्हणजे खजिना आहे. इथून शिकून गेलेले मिशनरी १७०६ पासून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर डॅनिश वसाहतीत, त्रांकेबारला, काम करत होते. त्यांची पत्रं, रोजनिशा, ताडपत्रं सगळं इथे येत राहिलं. त्यातला एक श्वार्ट्झ. हा तंजावरच्या भोसले दरबारात वावरला. तुळजाराजांनी दत्तक सरफोजीला त्याच्या देखरेखीखाली सोपवलं होतं, आणि १७९८ मध्ये गादीवर बसलेले दुसरे सरफोजी राजे आयुष्यभर त्याला गुरुस्थानी मानत आले. तंजावरच्या चर्चमध्ये त्यांनी लंडनहून संगमरवरी शिल्प करवून बसवलं, त्यात मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्झपाशी उभे राजे दिसतात. आपला इतिहास शोधायला मी सॅक्सनी-आनहाल्टला आले नव्हते. पण एका तंजावरच्या दोन बाजू आहेत, एक इथल्या कुरेंटमध्ये आणि दुसरी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांत. मिशनऱ्याच्या पत्राला वाचक युरोपातला, देणग्या देणारा. दरबाराच्या कागदाला वाचक वेगळा. दोन्ही लिप्या येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तेव्हा मोडी येत असेल आणि जर्मन चांगलं असेल तर कृपा करून या कामाकडे वळा.

बर्लिन:

मराठी माणसाने बर्लिनमध्ये एक पत्ता बघावाच. डालेम भागात, इहनेश्ट्रासे २२. आज तिथे फ्राइ विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे, माझे तास तिथे होत. १९२७ मध्ये ही इमारत कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेसाठी उभी राहिली. मानवी आनुवंशिकी आणि वंशसुधारणा हे तिचे विषय, संचालक ऑयगेन फिशर. १९२८ च्या नोव्हेंबरात इथे पीएच.डी.ला आल्या इरावती कर्वे.

फिशरने आपली कीर्ती कमावली होती नामिबियात, जर्मन वसाहतीत, मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेऊन. तीही १९०८ मध्ये, म्हणजे तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार नुकताच होऊन गेला होता तेव्हा. जर्मन सरकारने त्या संहाराला वंशविच्छेद म्हणायला २०२१ साल उजाडलं. इरावतीबाईंना त्याने दिलेला विषय होता मानवी कवटीची असमानता. डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो आणि युरोपियनांच्या बुद्धीचा तो पुरावा ठरेल, अशी अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या. त्यांत आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. निष्कर्ष लिहिला की वंशाशी याचा संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतबाहेरची, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी मुलगी, आणि समोर परीक्षक म्हणून तोच माणूस. आपल्याकडे त्यांचं ललित लेखन घरोघरी माहीत आहे. हा प्रबंध शाळेत शिकवावा असं मला मनापासून वाटतं. पुढे भारतात त्यांनीही जाती-जमातींची शरीरमापं घेतली आणि त्या पद्धतीवर आज अभ्यासक प्रश्न विचारतात, हेही सांगायला हवं. मोठ्या माणसाचा आदर त्याने कमी होत नाही.

संस्थेची पुढची कथा भीषण आहे. १९४२ पासून इथला संचालक फेअरशुअर, आणि त्याचा शिष्य डॉक्टर मेंगेले आउशवित्झच्या छावणीतून इथे कैद्यांच्या शरीरांचे नमुने पाठवत होता. दारावर पाटी लागली १९८८ मध्ये. २०१४ पासून शेजारच्या जमिनीत मानवी हाडांचे हजारो तुकडे सापडले. ते कोणाचे हे शोधण्यासाठी त्यांच्यावर आणखी चाचण्या करायच्या का, यावर बळी पडलेल्या समाजांच्या प्रतिनिधींशी बोलणी झाली. माणसांची पुन्हा वंशात वाटणी नको, असा विचार करून त्या चाचण्या टाळल्या आणि २०२३ मध्ये सगळे अवशेष एकत्र दफन केले. जाणून घेणं कुठे थांबवायचं, हा प्रश्न मी पहिल्यांदा तिथे ऐकला.

नाशिक, जर्मनची शिक्षिका:

माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी म्हणतं, आपल्याला शिस्त लावायला हिटलरसारखा माणूस हवा. त्याचं आत्मचरित्र आपल्या स्टेशनांवर, फुटपाथवर सर्रास मिळतं, घरात मोठी माणसं वाचतात. मुलांवर ओरडून उपयोग नसतो. मी फळ्यावर फक्त तारखा लिहिते. नोव्हेंबर १९३२, संसदेच्या निवडणुकीत पक्षाला ३३ टक्के मतं, बहुमत नाहीच. ३० जानेवारी १९३३, चान्सलरपद. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळते, २८ ला वटहुकूम, भाषण आणि सभेचं स्वातंत्र्य गेलं. २२ मार्च, डाखाउची छावणी सुरू. २३ मार्च, कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती. १० मे, पुस्तकांच्या होळ्या, त्यांत पुढाकार विद्यार्थ्यांचा. १४ जुलै, दुसरा पक्ष काढणं हाच गुन्हा. मग मुलांना विचारते, यातल्या कुठल्या दिवशी तुम्ही बोलला असता? आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलणं किती अवघड झालं असतं? तास संपतो, चर्चा जिन्यात चालू राहते.

दुसरा पाठ असतो नात्झींच्या बळींच्या आठवणीसाठी बसवलेल्या पितळी फरश्यांचा. गुंटर डेमनिश या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला सुरुवात केली, आता युरोपभर लाखाच्या वर झाल्या. १० सेंटीमीटर लांबरुंद, ज्या घरातून माणूस ओढून नेला त्या घरासमोर पदपथात बसवलेल्या. 'इथे राहत होता', नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. म्युनिकने मात्र सार्वजनिक पदपथावर त्या लावू दिल्या नाहीत, कारण तिथल्या ज्यू समाजाच्या नेतृत्वाला मृतांच्या नावांवर पाय पडणं मान्य नव्हतं. मी वर्गात दोन गट पाडून दोन्ही बाजू मांडायला लावते. भाषेचाही सराव होतो, पण मुलं भाषा विसरून भांडतात तेव्हा मला जास्त आनंद होतो.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. नव्याने जाणाऱ्यांसाठी: बुखेनवाल्ड, डाखाउ आणि बर्लिनमधलं टोपोग्राफी ऑफ टेरर हे नात्झी दहशतीवरचं संग्रहालय, तिन्हीकडे प्रवेश मोफत आहे. जर्मनीत पत्ता असेल तर राजकीय शिक्षणाच्या केंद्रीय कार्यालयाकडून, म्हणजे बीपीबीकडून, इतिहासाची उत्तम पुस्तकं अगदी थोड्या युरोत घरपोच येतात, आणि काही पुस्तिका फुकट. हालेच्या ताईंना माझा प्रश्न: मोडी येणाऱ्या पण जर्मन बी-वनलाच असलेल्या मुलीने कुरेंट आत्ता शिकायला घ्यावं का, की आधी भाषा पक्की करावी? माझ्या वर्गात अशी एक आहे.