पन्नास वर्षांची प्रदक्षिणा

आकाशात पन्नास वर्षांत काहीच बदलत नाही, असं बरेचदा म्हटलं जातं. नुसत्या डोळ्यांपुरतं ते बहुतांशी खरं आहे, पण रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध (सिरियस) घ्या. त्याचा जोडीदार, व्याध ब, त्याच्याभोवती साधारण ५० वर्षांत एक फेरी मारतो. म्हणजे एका माणसाच्या हयातीत अख्खी कक्षा मोजून होते!

याचा मागही मोजमापातूनच लागला. व्याध सरळ रेषेत न सरकता किंचित नागमोडी जातो, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने वर्षानुवर्षांच्या नोंदींतून ताडलं आणि १८४४ मध्ये सांगितलं की शेजारी न दिसणारा तारा असणार. १८६२ मध्ये अमेरिकन दुर्बीणकार अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना तो दिसला. आकार जेमतेम पृथ्वीएवढा, वस्तुमान मात्र सूर्याएवढं! व्याधाच्या झगमगाटात तो हरवतो. १९९४ च्या सुमारास तर दोघे एकमेकांच्या सर्वांत जवळ होते, त्यामुळे तो वेगळा दिसणं फारच अवघड होतं. सध्या अंतर चांगलं आहे, त्यामुळे मोठी दुर्बीण हाताशी असेल तर स्थिर हवेच्या रात्री जरूर प्रयत्न करा.

दुसरं उदाहरण चंद्राचं. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकावर (प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणाऱ्या साधनावर) आजही लेसर सोडून अंतर मोजतात. चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातोय, म्हणजे अर्ध्या शतकात जवळपास १.९ मीटर. एवढ्या लांबून इतकं बारीक माप घेता येतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.